मुलांच्या वाट्याची अमानत

पाचोडमध्ये मगरिबच्या नमाजेनंतर आम्ही चार-सहा जण अंगणात बसलो होतो. विषय नेहमीचाच: आमच्या लहानपणी मोसंबीच्या बागा होत्या, विटी-दांडू होता, रात्री दादीच्या तोंडून पैगंबरांच्या कथा होत्या, आजच्या मुलांना मात्र मोबाइलशिवाय काही सुचत नाही. तेवढ्यात माझा आठ वर्षांचा मुलगा जवळ आला. "अब्बा, शाळेत आज काय झालं माहीत आहे का?" मी हातातल्या पडद्यावरून नजर न काढता म्हणालो, "पाच मिनिटं थांब, बेटा." तो काही वेळ उभा राहिला आणि आत गेला. रात्री मी आठवणीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आता आठवत नाही."

त्या उत्तराने मला अस्वस्थ केले. आपण बालपणाची आठवण काढतो, तेव्हा नेमके काय हरवल्याचे दुःख करतो? तो काळ सर्वार्थाने चांगला होता, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. त्याच काळात याच परिसरात कितीतरी मुलींची शाळा सुटत होती, कोवळ्या वयात लग्ने होत होती. किशोरवयीन मुलींचे आरोग्य आणि बालविवाह या प्रश्नांवर पाचोडच्याच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेला वर्षानुवर्षे काम करावे लागले. तेव्हा आपल्याला हवा असतो तो काळ नव्हे. कथा सांगताना दादीचे सारे लक्ष आपल्यावर होते, ते लक्ष हवे असते.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) कोणाकडे वळत, तेव्हा पूर्ण देहाने वळत, असे त्यांच्या वर्णनात येते. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, लहानसा पक्षी मेला. उम्मतची जबाबदारी खांद्यावर असतानाही प्रेषितांनी (स.) त्या बालकाजवळ त्याच्या पक्ष्याची प्रेमाने विचारपूस केली. मुलाचे दुःख त्यांच्या लेखी क्षुल्लक नव्हते.

दुसरी एक हदीस अधिक कठोर आहे. एका मातेने काही देण्याचे सांगून मुलाला जवळ बोलावले. काय देणार, असे प्रेषितांनी (स.) विचारता ती खजूर म्हणाली. काही दिले नसते तर तुझ्या नावे एक असत्य नोंदले गेले असते, या आशयाचे त्यांनी तिला बजावले. मग आपली रोजची "पाच मिनिटं" कोठे नोंदली जात असतील?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे. परंतु वडगावचा नियम थोरांनाही बांधतो, म्हणून तो मला अधिक न्याय्य वाटतो. पवित्र कुरआननेही ईमानधारकांना स्वतःला आणि कुटुंबीयांना आगीपासून वाचवण्याची आज्ञा दिली आहे. त्या आज्ञेत 'स्वतः' आधी येतो.

मोबाइल ही वस्तू वाईट नाही. मोसंबीचा भाव, दूरच्या नातलगाची खुशाली, कुरआनचे पठण हे सारे त्यावर येते. प्रश्न अमानतीचा आहे. मुलांच्या वाट्याचा वेळ आपल्याकडे ठेव म्हणून आहे आणि त्याचा हिशेब द्यावाच लागेल.

आपल्याला वेगळ्या भोंग्याची गरज नाही. मगरिबची अजान रोज होतेच. तेव्हापासून इशापर्यंत आमच्या घरी सर्वांचे मोबाइल आता फडताळात असतात. पहिल्या दिवसांत सर्वाधिक बेचैन मीच होतो. मुलगा अजून फारसे बोलत नाही, पण शेजारी येऊन बसतो. अल्लाह आपल्याला मुलांचे ऐकून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.