वक्फचे भाडे आणि परक्या खिशातील औदार्य

वक्फच्या दुकानगाळ्याचे भाडे वाढवावे काय, असा प्रश्न निघाला की कोरेगावसारख्या बाजाराच्या गावात विश्वस्त अवघडतात. भाडेकरू आपलाच, मुतवल्लीचा नातलग असला तर संकोच अधिकच! अल्लाहच्या नावे ठेवलेल्या मालमत्तेने बाजारभाव का पाहावा, असेही विचारले जाते.

खैबरची जमीन अर्पण करू इच्छिणाऱ्या हजरत उमर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न दान करण्यास सांगितले. उत्पन्न आटले तर वक्फ कागदावरच उरतो. म्हणूनच हनफी फकीहांनी ‘उजरत-ए-मिस्ल’पेक्षा, म्हणजे तशाच जागेच्या चालू भाड्यापेक्षा, बरेच कमी भाडे घेण्यास मनाई केली. उत्तरकालीन फकीहांनी दुकान-घरासाठी 1 वर्ष आणि शेतजमिनीसाठी 3 वर्षे अशी मुदतही घातली, कारण दीर्घ कब्जा हळूहळू मालकी होऊन बसतो.

समजा, शेजारच्या गाळ्याला 5,000 रुपये मिळतात आणि मुतवल्ली 500 घेतो. उरलेल्या 4,500 रुपयांचे औदार्य कुणाच्या पैशातून झाले? वाकिफाने ज्या विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवली, त्यांच्या. भाडेकरू खरोखर गरजू असेल तर भाडे पूर्ण लावावे, आणि मदत जकात-सदक्याच्या निधीतून, इतर गरजूंच्या यादीत त्याचे नाव घालून द्यावी.