दोन कारकून आणि एक कोष्टक

बारावीच्या अर्थशास्त्रात उपयोगितेचा धडा एका कोष्टकाभोवती फिरतो. पहिल्या नगाची सीमान्त उपयोगिता, म्हणजे त्या नगाने मिळणारे जादा समाधान, दहा, दुसऱ्याची आठ, मग सहा, चार, दोन आणि सहाव्याला शून्य. तिथे एकूण उपयोगिता महत्तम, हे परीक्षेत हमखास येणार. पुढे गृहीतके, अपवाद, महत्त्व. हे सारे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला वाटते, की हा सिद्धांत एकट्या बसून खाणाऱ्या माणसाचा आहे. त्याच्या मुळाशी मात्र दोन माणसे उभी आहेत, एक गरीब आणि एक श्रीमंत.

1738 मध्ये डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीसाठी जुगारातल्या एका कोड्यावर निबंध लिहिला. त्यात त्याने विचारले: अगदी गरीब माणसाच्या हाती लॉटरीचे तिकीट आले, त्यावर वीस हजार डुकाट मिळतील किंवा काहीच नाही, दोन्हींची शक्यता सारखी. त्याने ते नऊ हजारांना विकले तर चुकला का? बर्नुलीच्या मते नाही. श्रीमंताने मात्र त्याच किमतीला ते घेण्यात शहाणपण आहे. तिकीट तेच, पण पदरात आधी किती आहे यावर त्याचे मोल ठरते.

घटत्या उपयोगितेचा नियम 1854 मध्ये जर्मनीतल्या गोसेनने स्पष्ट मांडला, पण पुस्तक खपेना म्हणून त्यानेच ते मागे घेतले. 1871 मध्ये जेव्हन्स आणि मेंगर हे अर्थशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. मला अधिक थांबावेसे वाटते ते 1890 मध्ये लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ मार्शलपाशी. आपल्या पाठ्यपुस्तकातला नियम बहुतांशी त्याच्याच मांडणीतून आलेला. तो दोन कारकुनांची गोष्ट सांगतो: वर्षाला शंभर पौंड मिळवणारा कारकून तीनशे पौंडवाल्यापेक्षा कितीतरी जोराच्या पावसातही कचेरीला चालत जाईल. ट्रामचे भाडे दोघांना सारखेच, पण गरिबाला ते जड जाते. पिगूने 1920 मध्ये या विचाराला धोरणाकडे वळवले: उत्पादन घटणार नसेल, तर श्रीमंताकडून गरिबाकडे गेलेल्या पैशाने समाजाचे एकूण समाधान वाढते.

मग 1932 मध्ये लायनेल रॉबिन्सने अडवले. एकाच्या मनातले समाधान दुसऱ्याच्या समाधानाशी कोणत्या मापाने ताडून पाहणार? अशी तुलना मूल्यविचाराची आहे, ती विज्ञानाच्या नावाने खपवू नका, असे त्याचे म्हणणे. आक्षेप प्रामाणिक होता. 1934 मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी समवृत्ती वक्रांच्या, म्हणजे सारखेच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषांच्या, आधारे दाखवले, की मागणी समजण्यासाठी समाधानाच्या आकड्यांची गरजच नाही. पसंतीचा क्रम पुरतो. सिद्धांत नेटका झाला, पण पावसात चालणारा कारकून त्यातून निघून गेला.

अमर्त्य सेन यांनी रॉबिन्सची बंदी मानली नाही. तुलना अंशतःही करता येते, असे त्यांनी 1970 मध्ये दाखवले. पुढे त्यांनी उपयोगितेवरच अधिक खोल शंका घेतली: पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेला माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो, तेव्हा त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती मोजणे अन्यायाचे. तो काय करू शकतो, काय होऊ शकतो, ते पाहा. मला हे पटते. कारकुनाने चालण्याची सवय करून घेतली, कुरकुर थांबवली, म्हणून त्याचे भिजणे कमी होत नाही.

यातले सारे बारावीत शिकवा, असे माझे म्हणणे नाही. पण पाठ्यपुस्तकातच एक फट आहे. अपवादांत पैसा येतो: पैशाची सीमान्त उपयोगिता कधी शून्य होत नाही. महत्त्वाच्या मुद्द्यांत प्रगतिशील कर येतो: श्रीमंताला रुपया कमी मोलाचा, म्हणून त्याच्याकडून जास्त दराने कर घ्यावा. शून्य न होणे वेगळे आणि न घटणे वेगळे. पण पैसा नियमाचाच अपवाद, म्हणजे त्याची उपयोगिता घटतच नसेल, तर कराचे समर्थन कशावर उभे राहते? मुले दोन्ही मुद्दे स्वतंत्रपणे लिहून दोन्हींचे गुण मिळवतात. शिक्षकांनी ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, मार्शलचे दोन कारकून सांगावेत आणि तास संपेपर्यंत वर्गाला वाद घालू द्यावा.