बंब, ठराव आणि जिन्यातले कूलर

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. थंडीत पहाटे आई तो अंगणात पेटवायची आणि आम्ही भावंडं त्याच्याभोवती हात शेकत बसायचो. त्याच काळात कधीतरी घंटा बडवत जाणारी लाल गाडी पाहिली. मोठ्यांनी सांगितलं, तोही बंबच. एका बंबात आग असते आणि पाणी तापतं, दुसऱ्यात पाणी असतं आणि आग विझते. मग दोघांचं नाव एक कसं, हे कोडं पुष्कळ दिवस पुरलं. पुढे कळलं की शब्द पोर्तुगीजांचा, त्यांच्याकडे बोंबा म्हणजे पंप. मराठीने तो घेतला आणि एकाच शब्दाला दोन उलट कामांवर लावून टाकलं.

मराठीत या बंबाची म्हणही आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टोमणा बंबाला आहे. रामेश्वरी आग लागलीच कशी, हे म्हण विचारत नाही. पाण्याची गाडी भलत्या गावी गेली, एवढंच तिला दिसतं.

नागपुरात 14 एप्रिलची पहाट निळी असते. बाबासाहेबांची जयंती. रात्री बारापासून इंदोरा, संविधान चौक, दीक्षाभूमी इकडे माणसांची रीघ लागलेली असते. त्याच दिवशी देशभरातली अग्निशमन केंद्रं आपल्या मृतांना मानवंदना देतात. या शहरात तो कार्यक्रम जरा घाईतच उरकत असणार, कारण लगेच बंदोबस्ताला जायचं असतं. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. धूर दुपारी दिसला, पहिला स्फोट चारच्या सुमारास झाला. मधल्या वेळात गोदीतले मोठे लोक जहाज बुडवावं की बाहेर न्यावं याचा विचार करत राहिले आणि बंबवाले पाणी मारत राहिले. त्यांतले 66 जण गेले. आपण त्यांच्या शौर्याला सलाम करतो, आणि तो करायलाच हवा. पण विदर्भातल्या माणसाला, ज्याने कापसाची गंजी धुमसताना पाहिली आहे, त्याला एकच प्रश्न छळतो: कापूस आणि स्फोटकं शेजारी ठेवायला हो कुणी म्हटलं? आणि नाही म्हणण्याचा अधिकार कुणाचा होता?

बंबवाला हा शब्द आपल्याकडे आहे. त्यात आदर आहे, थोडं लहान मुलाचं कुतूहलही आहे. पण आग लागायच्या आधी येऊन जिना मोजणाऱ्या, पंप सुरू करून बघणाऱ्या, तीस वर्षांपुढच्या इमारतीच्या भेगांवर बोट ठेवणाऱ्या माणसाला नाव नाही. फार तर एनओसीवाला. तेही डोळा बारीक करून.

नागपूर महापालिकेच्या सभेचं कामकाज ज्यांनी प्रेक्षक गॅलरीत बसून पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे की महालच्या टाऊन हॉलमध्ये दोनच ठराव बिनविरोध होत. एक शोकाचा, एक अभिनंदनाचा. बाकी सगळ्यावर खडाजंगी. शोकाच्या वेळी दोन मिनिटं उभं राहायचं, अभिनंदनाला बाक वाजवायचे. 2022 च्या मार्चनंतर बराच काळ सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, म्हणजे हेही नव्हतं. अग्निशमन दलाचं नाव या दोन्ही ठरावांत बसतं. मे 2015 मध्ये मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास कोसळून प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर आणि त्यांचे तीन सहकारी गेले तेव्हा साऱ्या राज्याने मान खाली घातली. सप्टेंबर 2023 च्या एका रात्री नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली आणि आगीचा बंब चालवणारी माणसं बोटी घेऊन पाण्यात उतरली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पण लकडगंजातल्या एखाद्या आरामशीनवाल्याला मार्चमध्येच तंबी देऊन भुसा उचलायला लावणारा जो कुणी असेल, त्याच्यासाठी कोणता ठराव मांडायचा? सूचक काय वाचून दाखवणार? की अमुक तारखेला अमुक ठिकाणी काहीही झालं नाही?

याचं उत्तर कौटिल्याने उलट्या बाजूने दिलं आहे. ‘अर्थशास्त्रा’त नगराच्या बंदोबस्ताचं जे प्रकरण आहे, त्यात उन्हाळ्यात भर दुपारी चूल पेटवायला बंदी आहे. दाराशी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातडी पखाल ठेवायची. रस्त्यांवर, चौकांत, वेशींपाशी भरलेल्या घागरींच्या रांगा हजारांनी. आणि शेजारचं घर जळत असताना धावून न जाणाऱ्या घरमालकाला दंड बारा पण (तेव्हाचं नाणं), भाडेकरूला सहा. भाडेकरूला निम्मी सूट देणारा हा माणूस मला फार आवडतो. बक्षिसाचा विचार तो इथे करत नाही. आग विझवणं हे त्याच्या लेखी कुणा दुसऱ्याचं शौर्य नसून घरमालकाची उधारी आहे. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, हे सगळं पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम ‘नागरिक’. आज तो शब्द आपल्या सगळ्यांना लागतो. पद सर्वांना वाटून दिलं आणि काम कुणाकडेच राहिलं नाही.

रोमन सम्राट ट्राजनचं टोक तिसरंच. निकोमीडियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितमध्ये, मोठी आग लागली. तिथला सुभेदार प्लिनी याने सम्राटाला कळवलं की लोक हात बांधून बघत उभे होते आणि शहरात एक पंप नव्हता, तर दीडशे जणांचं पथक नेमू का? ट्राजनने नकार दिला. माणसं एकत्र आली की राजकारण करतात, असं त्याचं म्हणणं. साधनं द्या, घरमालक वापरतील. सम्राटाला पथकाची भीती वाटली. आपल्याला वाटते ती वेगळी. हा तपासणारा आत आला तर दुकान बंद करील, पार्किंगमधली खोली तोडायला लावील, हॉलमधल्या माणसांची संख्या निम्मी करील.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. सात बाळं वाचली, दहा गेली. भंडारा इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्या आठवड्यात सगळीकडे तपासणीचे आदेश निघाले आणि जो तो अचानक विचारू लागला की तपासणारे होते कुठे.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा. त्यात एक साधी गोष्ट आहे: इमारतीतली यंत्रणा चालू आहे, असा दाखला वर्षातून दोनदा द्यायचा, जानेवारीत आणि जुलैत. बी फॉर्म म्हणतात त्याला. आणि हे सगळं शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय 1957 पासून आपल्याच गावात आहे. 2002 मध्ये नागपूरच्याच हर्षिणी कान्हेकर तिथे दाखल झाल्या, पोरांच्या त्या कॉलेजातली पहिली मुलगी. गावाला याचा अभिमान आहे. आता त्याच गावातली माझी फ्लॅट स्कीम सांगतो.

सात मजले. दोन वर्षांपूर्वी एक अधिकारी आले. वयाने लहान, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. लिफ्ट नाकारून जिन्याने निघाले आणि मी सचिव म्हणून मागे धापा टाकत. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी होजची लाल पेटी उघडली. होज होता, त्याच्या टोकाचं पितळी नोजल नव्हतं. त्या जागी खराटा, दुधाची रिकामी पिशवी आणि कुणाच्या तरी क्रिकेटची बॅट. ते काही बोलले नाहीत. पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. चौथ्या मजल्यावर मात्र थांबले. वळणावर चार कूलर एकावर एक, वाळलेल्या ताट्यांसकट. त्यांनी खिशातून टेप काढून उरलेली वाट मोजली, आणि मग मला म्हणाले, “काका, तुमच्या घरून स्ट्रेचर आणायचं झालं तर कसं आणायचं?”

सगळं हटवायला पंधरा दिवस दिले होते. त्या संध्याकाळी खाली बैठक झाली. पैसे खायचे असतील, असं एकाने म्हटलं. मी गप्प बसलो. त्या अधिकाऱ्याने चहासुद्धा घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं, आणि तरी गप्प बसलो, कारण चारांतला वरचा कूलर माझा होता.

कूलर निघाले, नोजलही आलं. जानेवारीचा दाखला वेळेवर गेला. नागपुरात मे महिन्यात सगळे कूलर खिडक्यांना लागलेले असतात, जिना मोकळा असतो, मुलं त्यावर धावतात. मग पाऊस पडतो, हवा बदलते आणि कूलर उतरवायची वेळ येते. परवाच मी आमचा उतरवला. ताट्या काढल्या, टाकी पुसली. गच्चीवर पत्रा नाही, बाल्कनीत झाडं आहेत. जुलैचा दाखला द्यायला अजून दहा दिवस आहेत. कूलर सध्या दारातच उभा आहे, अर्धा घरात आणि अर्धा जिन्यात.