क्रूस वाहणे आणि क्रूस लादणे



"सहन कर बाई, हा तुझा क्रूस आहे," असा सल्ला आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत आजही दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. हा क्रूस तिने स्वतः उचलला आहे, की कोणी तिच्यावर लादला आहे?

छळ म्हटला की आपल्याला मारहाण आठवते. अंगावर वळ नसेल तर आपण म्हणतो, "संसारात भांड्याला भांडे लागणारच." कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याने छळाचे चार प्रकार सांगितले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे, माहेरच्या माणसांना इजा करण्याची धमकी देणे, स्त्रीधन विकून टाकणे, घराबाहेर काढणे, हे सारे त्यात येते. पत्नीप्रमाणेच त्या घरात राहणारी आई, बहीण किंवा विधवा भावजयही दाद मागू शकते.

आर्थिक छळ आपल्या सोलापूरकरांना लवकर समजावा. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या कष्टावर इथली घरे उभी राहिली. कायदा लागू झाला त्याच 2006 साली कुंभारी येथे विडी कामगार महिलांची घरकुले पूर्ण झाली. पण दिवसभर पान-तंबाखूत बसून मिळवलेली मजुरी घरात येताच कोणी हिसकावून घेत असेल, आणि भाजीसाठीही तिला हात पसरावा लागत असेल, तर तिथे एकही थप्पड न मारता छळ चालू आहे.

मग भांडण आणि छळ यांतला फरक कसा ओळखायचा? भांडणात दोघेही बोलतात, आणि पुढे दोघांनाही वाईट वाटते. छळात एकजण बोलतो आणि दुसरा भितो. प्रत्येक शब्द तोलून बोलावा लागणे, माहेरी जायलाही परवानगी लागणे, काहीही घडले तरी दोष आपलाच वाटू लागणे, ही छळाची लक्षणे आहेत.

प्रभू येशूने आपला प्राण स्वेच्छेने दिला. कुरेनेकर शिमोनाला मात्र क्रूस वाहण्याची सक्ती झाली, आणि ती सक्ती करणारे शिपाई होते, शिष्य नव्हेत. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवणारा त्याला पवित्र करीत नाही. जोडीदारामुळे जिवाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ख्रिस्तसभेचा कायदाही मुभा देतो. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात म्हटले आहे की, कधीकधी असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते. क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे.

म्हणून एखादी बहीण मन मोकळे करू लागली, तर उपदेशाआधी तिचे ऐकून घ्या आणि तिच्यावर विश्वास ठेवा. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक तिला सांगा. जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. लादलेला क्रूस उतरवायला हात देणे हेही शिष्याचेच काम आहे.