मंद उजेडाची साक्ष

गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीतून काढलेले मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे छायाचित्र कुणालाही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे खरंच असं दिसतं का?" छायाचित्रात गुलाबी-तांबडे पंख पसरलेले असतात, मधोमध पांढरी झळाळी असते, कडेला निळसर धूर असतो. आणि प्रामाणिक उत्तर असते, "नाही, असं दिसत नाही." त्याच दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावला, तर काचेवर कुणीतरी फुंकर मारावी तसा एक राखाडी डाग दिसतो, एवढेच. मग पाहणारा हसून म्हणतो, "म्हणजे कॉम्प्युटरची कमाल!" आणि विषय संपतो.

माझ्या मते विषय तिथून सुरू होतो. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवणारे चित्र खरे असू शकते का? असेल, तर कोणत्या अटींवर? हा प्रश्न तेजोमेघांचा आहे तितकाच साक्षीचा आणि सचोटीचा आहे. ज्या काळात रोज शेकडो चित्रे हातातल्या फोनवर येऊन पडतात, त्या काळात तो फक्त आकाशवेड्यांपुरता उरलेला नाही.

आधी हे चित्र कसे तयार होते ते पाहू. आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या छोट्याशा भागात जेवढा मिळेल तेवढा घेतो आणि पुढच्या क्षणी पाटी कोरी करतो. शिवाय अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा मात्र दोन-दोन मिनिटे डोळे उघडे ठेवून बसू शकतो. अडचण एवढीच की तेवढ्या वेळात आकाश सरकते. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून दुर्बिणीची बैठक तिच्या उलट दिशेने, त्याच गतीने फिरवावी लागते. त्यासाठी बैठकीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. अहमदनगरमध्ये (2024 पासून अहिल्यानगर) ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण 19 अंश वर असतो, कारण शहराचे अक्षांशही तितकेच आहेत. हे जमले की दोन मिनिटांचे एक चित्र घ्यायचे, मग दुसरे, मग तिसरे. साठ चित्रे म्हणजे दोन तासांचा उजेड. नंतर संगणकावर ती एकावर एक बसवायची. याला 'स्टॅकिंग' म्हणतात. थर लावणे म्हणा हवे तर.

ज्यांना जमते ते अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे, हरिश्चंद्रगडाकडे अंधार शोधत जातात. ज्यांना जमत नाही ते शहराच्या उजेडातच, गच्चीवर, दोनाऐवजी दहा तास देतात. महाराष्ट्रात हा छंद नवा नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आकाश पाहायला शिकवते आहे. याच संस्थेशी जोडलेल्या पुण्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाने 2021 च्या मे महिन्यात सुमारे 50,000 चित्रे एकत्र करून चंद्राची एक प्रतिमा तयार केली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. चंद्रासारख्या उजळ गोष्टीसाठीही एक चित्र पुरत नाही. प्रत्येक क्षणी हवा थरथरते आणि प्रत्येक चित्र थोडेसे चुकते.

आता रंगांकडे येऊ, कारण संशय तिथेच सर्वांत जास्त असतो. तेजोमेघातला तांबडा रंग कुणी कुंचल्याने भरलेला नाही. तो तापलेल्या हायड्रोजनचा रंग आहे. तो तिथे आहे, डोळाच तिथपर्यंत पोचत नाही. पण सगळ्या चित्रांचे असे नसते. हबल दुर्बिणीने 1995 मध्ये गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचे जगप्रसिद्ध चित्र दिले. त्यातला हिरवा रंग हायड्रोजनला वाटून दिलेला आहे. हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही प्रकाश मुळात तांबडाच. दोन्ही तांबडेच दाखवले असते, तर कोणता वायू कुठे आहे ते कळले नसते. म्हणून गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. हा खोटेपणा झाला का?

आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात दखनी बोलली जाते, शाळेत आणि बाजारात मराठी. एका भाषेतले दुसरीत नेणे म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. भाषांतर करणारा शब्द बदलतो, आशय बदलत नाही. त्याच्यावर दोनच बंधने असतात : मुळात नाही ते घालायचे नाही आणि हे भाषांतर आहे हे लपवायचे नाही. हबलच्या चित्राने दोन्ही पाळली. कोणता रंग कशासाठी, ते उघड सांगितले. उलट 2023 मध्ये एका नामांकित मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल वाद झाला तो आठवा. एका ग्राहकाने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, तर फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि डाग भरून दिले. चंद्र कसा असतो हे यंत्राला आधीच 'माहीत' होते. पाहिले ते सांगण्याऐवजी त्याने माहीत होते ते सांगितले. चित्र सुंदर होते, चंद्रावर ते खड्डे असतीलही, पण ती साक्ष नव्हती. न पाहता बरोबर बोलणारा साक्षीदारही खोटाच साक्षीदार.

या बाबतीत एक जुना नमुना आपल्यासमोर आहे. दहाव्या शतकात इस्फहानमध्ये अब्दुर्रहमान अल्-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. साल साधारण 964. आज आपण ज्याला देवयानी दीर्घिका म्हणतो, त्या ठिकाणी त्याने 'छोटा ढग' नोंदवला. त्या दीर्घिकेची आपल्याला माहीत असलेली ही सर्वांत जुनी नोंद. तो ढग म्हणजे अब्जावधी सूर्यांचा समूह आहे आणि त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 25 लाख वर्षे लागतात, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्याला ढग दिसला, त्याने ढग लिहिला. त्याच ग्रंथात प्रत्येक तारकासमूहाची दोन-दोन चित्रे आहेत : एक जमिनीवरून दिसते तसे आणि दुसरे खगोलाच्या गोलावर बाहेरून दिसेल तसे, म्हणजे उलटे. कोणते चित्र कुठून पाहिलेले, ही नोंद त्याला आवश्यक वाटली. हजार वर्षांपूर्वीची ही सचोटी आहे. आपल्या पूर्वजांनी सगळे शोध लावले असे भाषणातून सांगण्यापेक्षा ती अंगी आणणे अवघड आहे.

छायाचित्रकाराच्या कामाचा दुसरा भाग वाढवण्याचा नाही, वजा करण्याचा आहे. कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष असतो. तो तापतो, त्याचे काही पिक्सेल प्रकाश नसतानाही चमकतात. म्हणून रात्रीच्या शेवटी दुर्बिणीवर झाकण लावून, तितक्याच वेळाची, निव्वळ अंधाराची चित्रे घेतात. त्यात जे काही दिसेल ते आकाशाचे नसते, कॅमेऱ्याचे असते. तेवढे मूळ चित्रातून वजा करायचे. तसेच दुर्बिणीच्या तोंडाला स्वच्छ पांढरे कापड ताणून संध्याकाळच्या सारख्या उजेडात काही चित्रे घेतात. त्यात काचेवरची धूळ आणि कडांचा काळपटपणा उमटतो. मग त्यांचा हिशेबही दुरुस्त करता येतो. जगाबद्दल बोलण्याआधी स्वतःच्या खोटेपणाचे मोजमाप घेणे, असे या कृतीचे वर्णन करता येईल. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तो आतल्या विकारांशी चाललेल्या लढाईचा ग्रंथ आहे. त्यांनी दुर्बीण पाहिली नव्हती. पण झाकण लावून आधी आपलाच अंधार तपासण्याची ही रीत त्यांना परकी वाटली नसती.

आता थरांचा प्रश्न. एका चित्रात खरखर इतकी असते की तेजोमेघ कुठला आणि दाणे कुठले, ते सांगता येत नाही. चित्रे वाढत गेली की खरखर दबते. सोळा चित्रांत चारपट, शंभरात दहापट. याचे कारण साधे आहे. खरखर प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडते, तेजोमेघ मात्र प्रत्येकात तिथेच असतो. शंभर साक्षीदार वेगवेगळ्या गोष्टींत चुकले आणि एकाच गोष्टीवर एकमत झाले, तर ती गोष्ट खरी असण्याचा संभव मोठा. हदीसशास्त्रात 'मुतवातिर' या संज्ञेमागे हेच तत्त्व आहे : प्रत्येक पिढीत इतक्या लोकांनी सांगितलेली गोष्ट, की त्यांनी संगनमताने खोटे रचले असणे शक्य नाही.

पण या तत्त्वाला एक मोठी अट आहे आणि ती दोन्हीकडे सारखीच आहे. कॅमेऱ्याचा एखादा बिघडलेला पिक्सेल प्रत्येक चित्रात त्याच जागी चमकत असेल, तर हजार चित्रांनीही तो जाणार नाही. उलट ताऱ्यासारखा ठसठशीत होईल. म्हणून जाणकार दर काही चित्रांनंतर दुर्बीण किंचित हलवतात. तारे हलल्यासारखे होतात, दोष कॅमेऱ्याला चिकटून राहतो आणि पकडला जातो. हदीसच्या अभ्यासकांनाही ही मेख ठाऊक होती. कर्मांचे मोल हेतूवर ठरते, या आशयाची हदीस सर्वांना पाठ असते. पुढे शेकडो लोकांनी ती सांगितली. पण हजरत उमर यांच्यापासून पुढच्या तीन पिढ्यांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ती एकेका माणसाकडूनच आलेली आहे. अभ्यासकांनी तिला विश्वसनीय मानले, सर्वांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या संग्रहाच्या सुरुवातीला जागा दिली. तरीही तिला 'मुतवातिर' म्हटले नाही. नंतरचे शेकडो जण मोजून त्यांनी आधीचा एक लपवला नाही. केवढा हा काटेकोरपणा! प्रिय गोष्टीच्या बाबतीतसुद्धा.

संख्या म्हणजे सत्य नव्हे, याचे साधे उदाहरण आपल्या शहराशेजारच्या डोंगरावर उभे आहे. पिढ्यान्‌पिढ्या सगळे जण त्या इमारतीला 'चाँदबीबी महाल' म्हणतात. सहली जातात, रिक्षावाले तोच पत्ता सांगतात. वास्तविक ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. लाखो तोंडे, पण सर्वांनी ऐकले एकमेकांकडूनच. थर कितीही लागले, तरी चित्र एकच.

हे उदाहरण निरुपद्रवी आहे. सगळीच तशी नसतात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक होते. त्या महिन्यांत देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेला माणूस रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतो, असे तिच्यात दिसे. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तोच माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि संदेशाचा फलक दाखवतो. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. कापणारा एक, पुढे पाठवणारे लक्षावधी. प्रत्येकाला वाटत होते, 'इतके लोक म्हणतात, म्हणजे काहीतरी असणारच.' तो बिघडलेला पिक्सेल होता आणि प्रत्येक फोनमध्ये त्याच जागी चमकत होता. दुर्बीण किंचित हलवून पाहण्याचे कुणाला सुचले नाही. त्याची किंमत पाच माणसांनी मोजली.

कुरआनच्या 'सूरह हुजुरात'मध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. तिथे कारणही दिले आहे : नाही तर अजाणतेपणी तुम्ही कुणाला तरी इजा कराल आणि मग पस्तावाल. म्हणजे शहानिशा ही बुद्धीची चैन नाही, ती शेजाऱ्याच्या जिवाची राखण आहे. चंद्रदर्शनाच्या बाबतीत हनफी फिकहने घालून दिलेला नियमही इथे आठवतो. आभाळ भरलेले असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष चालते. आभाळ निरभ्र असेल तर मात्र पुष्कळ जणांची लागते, कारण स्वच्छ आकाशात चंद्र एकालाच कसा दिसला, असा प्रश्न पडायलाच हवा. किती साक्षीदार हवेत हे परिस्थितीवर ठरते, पण साक्ष तपासायची हे प्रत्येक परिस्थितीत ठरलेलेच.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. ते चित्र डोळ्यांना दिसते तसे नाही, तरीही खरे असू शकते. त्यासाठी काढणाऱ्याने स्वतःचा दोष वजा केलेला असावा, पदरचे काही घातलेले नसावे, रंग बदलले असतील तर तसे सांगितलेले असावे आणि त्याचे साक्षीदार एकमेकांची नक्कल करणारे नसावेत. या अटी पाळून गच्चीवर रात्र काढणारा माणूस जगाला फारसे उपयोगी काही देत नसेल. देवयानी दीर्घिकेची याहून चांगली हजारो चित्रे उपलब्ध आहेत. पण ज्याने एका मंद डागासाठी दहा तास दिले आणि सकाळी त्यातली खराब चित्रे स्वतःच्या हाताने काढून टाकली, त्याला 'खरे' हा शब्द किती महाग आहे हे कळलेले असते. उद्या त्याच्या फोनवर एखादी भडक चित्रफीत आली, तर ती पुढे पाठवण्याआधी त्याचे बोट जरा थांबेल, अशी आशा ठेवायला हरकत नाही.