लष्करच्या भाकऱ्या

घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे, ही म्हण आपण बहुधा हेटाळणीने वापरतो. ज्याचा आपल्याशी संबंध नाही अशा कामात वेळ घालवणारा माणूस जगाच्या लेखी वेडाच. पण ही म्हण नीट तपासली तर तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जो गाव आपला नाही, कधी होणारही नाही, त्या गावाचे आपण काही देणे लागतो काय?

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न संयुक्त अरब अमिरातीत आज विशेष जोराने पुढे येतो. त्या देशातील दर दहा माणसांमागे जवळजवळ नऊ परदेशी आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी, ३५ लाखांहून अधिक आहे. पण तेथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा व पुढे दर वर्षी ३० दिवसांचा मूळ पगार असा हिशेब हाती पडायचा आणि बिऱ्हाड आवरायचे, ही तेथील जुनी रीत. परदेशी माणसाला सरकारी पेन्शन नाही. म्हणून त्या देशात परदेशी म्हातारा माणूस फारसा दिसतच नसे.

२०१८ साली मंत्रिमंडळाने ५५ वर्षांवरील निवृत्तांना पाच वर्षांचा परवाना देण्याचे ठरवले. तो जाहीर झाला तेव्हाच्या अटी अशा: २० लाख दिरहमची मालमत्ता, किंवा किमान १० लाख दिरहमची शिल्लक, किंवा महिना २० हजार दिरहमचे उत्पन्न. तेव्हापासून बर दुबईत, करामात किंवा शारजात निवृत्त मराठी जोडपे राहिलेले आढळले तर नवल वाटू नये.

अशा जोडप्याचा दिवस कसा जातो? उन्हाळ्यात सूर्य चढण्याआधी बाजार उरकायचा. देऱ्याचा जुना मासळीबाजार २०१७ साली नव्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये हलला. तेथे सुरमई निवडताना कोकणातला माणूस कोकणातलाच राहतो. मग बँक, औषधे, वीजपाण्याचे बिल, परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद. दुपारी जेवण, थोडी झोप. आणि उरलेल्या वेळात लष्करच्या भाकऱ्या: मंडळाच्या कार्यक्रमाचा स्वयंपाक, इस्पितळात एकट्या पडलेल्या कुणाची विचारपूस, कुणा मजुराचा अर्ज भरून देणे.

येथे पहिला आक्षेप येतो तो घरातूनच. नवरा निवृत्त होतो, पण बायकोची चूल निवृत्त होत नाही. साहेब बाहेर समाजसेवा करतात आणि चाळीस माणसांचा भात मात्र बाई शिजवतात, असे असेल तर ती सेवा कोणाची? मानपत्र एकाला आणि पाठदुखी दुसऱ्याला, हा न्याय नव्हे. म्हणून सेवेचा पहिला धडा स्वतःच्या स्वयंपाकघरात गिरवला पाहिजे. ज्याने तीस वर्षे कचेरीत फाईली हलवल्या, त्याने आता विळी धरावी, नारळ खवावा, भांडी विसळावीत. एवढे केले तरच बाहेरच्या भाकरीला तोंड दाखवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. हे जोडपे तेथे राहू शकते, कारण त्यांच्याजवळ लाखांची पुंजी आहे. ज्याने त्याच शहराच्या इमारती उन्हात उभ्या केल्या, तो मजूर आपला हिशेब घेऊन गावी परत जातो. त्याला ती पाच वर्षे मिळत नाहीत. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. त्या विश्रांतीत सावलीला टेकलेल्या मजुराच्या हाती थंड पाण्याची बाटली ठेवणारे निवृत्त गृहस्थ चांगले काम करतात, यात शंका नाही. पण एकाला राहता येते व दुसऱ्याला येत नाही, हे अंतर त्या बाटलीने भरून निघते काय? नाही निघत. तसे समजणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

मग काय करावे? हात आखडावा? अबुधाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली मशीद, चर्च व सिनेगॉग एकाच आवारात उघडली. त्यांतील सिनेगॉगला मोशे बेन मैमोन, म्हणजे आपल्या रंबामचे नाव दिले आहे. बाराव्या शतकातील या विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर. सर्वांत वरच्या पायरीवर त्याने मोठी रक्कम ठेवली नाही. गरजवंताला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये अशी तजवीज करणे, हे त्याने श्रेष्ठ मानले. म्हणजे कसोटी आपण किती दिले ही नसून समोरच्याची गरज किती घटली ही आहे.

या कसोटीला अमिरातीचा कायदाही एका अर्थाने मदतच करतो. २०२१ च्या कायद्याप्रमाणे परवाना असलेल्या संस्थेखेरीज कोणालाही लोकांकडून वर्गणी गोळा करता येत नाही. स्वयंसेवी कामासाठीही २०१८ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे पावतीपुस्तक घेऊन फिरण्याची सोपी वाट बंद झाली. उरतात ते आपले दोन हात, आपला वेळ आणि आपली अक्षरओळख. २०२४ साली १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात परवान्याची मुदत संपलेल्यांना दंड माफ करून कागद नियमित करण्याची किंवा मायदेशी जाण्याची संधी मिळाली. अशा वेळी ज्याला अर्ज वाचता येत नाही, त्याच्या शेजारी तासभर बसणारा माणूस दहा जेवणाच्या पुड्यांपेक्षा मोलाचा असतो. पुडी संध्याकाळपर्यंत पुरते. नीट झालेला कागद माणसाला घरी पोहोचवतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परक्या गावाचे देणे लागते काय? १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास रुपया छापला आणि १९६६ पर्यंत तो त्या किनाऱ्यावर चालला. त्याआधी तेथील मोती मुंबईच्या बाजारात येत. मुंबईने दिले, मुंबईने घेतले. आज कोण यजमान व कोण पाहुणा, हे काळ ठरवतो आणि काळ आपले मत बदलतो. कोकणातून मुंबईस, मुंबईहून पुढे देशोदेशी गेलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगावयास नको. नव्या गावी पहिल्या दिवशी दुकान दाखवणारा, अर्जावर बोट ठेवून सही कोठे करायची ते सांगणारा कोणीतरी प्रत्येकाला भेटला आहे. तो आपला नातलग नव्हता आणि त्याची फेड करण्यास आपण त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

म्हणून ते देणे पुढच्या माणसाला द्यावयाचे. गाव आपले आहे की नाही, हे परवान्यावर लिहिलेले असते. शेजारी आपला आहे की नाही, हे आपण ठरवायचे. पाच वर्षांचा परवाना असो की आयुष्यभराचे नागरिकत्व, मुदत सर्वांचीच ठरलेली आहे. तेव्हा लष्करच्या भाकऱ्या खुशाल भाजाव्यात. फक्त पीठ दोघांनी मिळून मळावे, आणि खाणाऱ्याला उद्या स्वतःची चूल पेटवता येईल याकडे लक्ष द्यावे.