पंचाची चूक

खेळाने माणूस घडतो, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. खेळाने शरीर घडते हे उघडच आहे. परंतु चारित्र्य घडते म्हणतात, ते नेमके कोणत्या क्षणी? आमच्या मते तो क्षण बहुधा पंचाच्या चुकीचा असतो. पंच हाही माणूसच. त्याला डोळे दोन आणि उभे राहावयास जागा एक. सामन्यात तो केव्हा तरी चुकणार हे ठरलेलेच आहे. त्या चुकीपुढे खेळाडू, प्रशिक्षक आणि पालक कसे वागतात, यावर मुलाच्या पदरी खेळातून काय पडावयाचे ते ठरते.

बसवनगुडीत शनिवार-रविवारच्या सकाळी मैदाने मुलांनी भरून जातात. हा भाग तसा क्रिकेटचा. अनिल कुंबळे येथल्याच नॅशनल हायस्कूलचे विद्यार्थी. पण फुटबॉलही या शहरास परका नाही. म्हैसूर संघाने १९६८-६९ साली संतोष ट्रॉफी जिंकली, आणि त्यानंतर चोपन्न वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, कर्नाटकाच्या संघाने ती रियाधच्या मैदानावर पुन्हा मिळविली. आता आठ-दहा वर्षांची मुलेदेखील गणवेश घालून शिकावयास येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आईबाप येतात. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना या मैदानांचे मोल अधिक आहे. नव्या गावात मुलाला पहिला मित्र पुष्कळदा मैदानावरच मिळतो. कारण ‘चेंडू इकडे दे’ हे सांगावयास व्याकरण लागत नाही. म्हणूनच मैदानाच्या कडेला वडीलमाणसे जे बोलतात, त्याची किंमत मुलाला दुहेरी द्यावी लागते.

येथील एका मैदानावर बारा वर्षांखालील मुलांचा सामना आम्ही पाहत होतो. चेंडू एका मुलाच्या पायाला लागून रेषेबाहेर गेला. पंचाने मात्र चेंडू आत टाकण्याचा हक्क त्याच्याच संघाला दिला. मुलाने सहज हात करून समोरच्या संघाकडे दाखविले. त्याबरोबर कडेने त्याच्या वडिलांचा आवाज आला, “तू गप्प बस! पंच बघून घेईल!” मुलाने हात खाली घेतला. थोड्या वेळाने निर्णय विरुद्ध गेला, तेव्हा तेच गृहस्थ रेषेपर्यंत धावत जाऊन पंचाला दृष्टी आहे की नाही हे विचारू लागले. या दोन वाक्यांच्या मध्ये मुलगा जे शिकला, ते कोणत्याही प्रशिक्षकाला एका वर्षात पुसता यावयाचे नाही.

वास्तविक पंचाच्या चुका दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांचे धर्मही दोन आहेत. एक आपल्या विरुद्ध जाणारी, दुसरी आपल्या बाजूची. पहिली सोसावयाची असते. दुसरी, शक्य तर, परत करावयाची असते. बहुतेक पालक, आणि खेदाने म्हणावे लागते की काही प्रशिक्षकही, मुलांना याच्या नेमके उलट शिकवितात.

विरुद्ध गेलेली चूक का सोसावी? ती चूक नाही म्हणून सोसावयाची नसते. कोणाचा तरी शब्द अखेरचा मानल्यावाचून खेळ चालूच शकत नाही, म्हणून ती सोसावयाची. फुटबॉलच्या नियमांतही, खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम आहे असे स्पष्ट म्हटले आहे. कचेरीत काम करणाऱ्यास हे समजावून सांगावे लागू नये. न पटलेल्या आदेशाविरुद्ध अर्ज करता येतो, वरिष्ठांकडे अपील करता येते. पण टेबलावरची फाईल भिरकावून देता येत नाही. मैदानावरही तसेच आहे. तक्रार असेल तर ती सामना संपल्यावर, योग्य माणसाने, योग्य ठिकाणी करावी. २०१९ पासून फुटबॉलच्या पंचाला प्रशिक्षकांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखविण्याची मुभा मिळाली, यावरून शिस्तीची गरज केवळ खेळणाऱ्यांनाच आहे असे जगाला वाटत नाही, हे दिसते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या किंवा शिवाजी तरुण मंडळाच्या नावाने घसा कोरडा करणारा माणूस निदान आपल्या पेठेसाठी ओरडत असतो. मुलांच्या सामन्यात ओरडणारा बाप कोणासाठी ओरडतो, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

दुसऱ्या प्रकारच्या चुकीपाशी प्रश्न अधिक अवघड होतो. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत बाद झाले होते. पुढे बॉब टेलर यांना पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिले. भारताचे कर्णधार, याच कर्नाटकाचे गुंडप्पा विश्वनाथ, स्लिपमध्ये उभे होते. चेंडू बॅटीला लागला नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पंचांना विनंती करून टेलर यांना परत बोलाविले. टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. फुटबॉलमध्येही असे घडले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये नेपल्स येथे लाझिओ संघाच्या मिरोस्लाव्ह क्लोजे यांचा गोल पंचाने मान्य केला असता, चेंडू आपल्या हाताला लागला होता असे त्यांनी स्वतः सांगितले. गोल रद्द झाला आणि त्यांचा संघ ३-० असा हरला. याउलट १९८६ च्या विश्वचषकात माराडोना यांनी इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल मान्य झाला, आणि त्यांचा देश जगज्जेता ठरला.

यावर कोणी म्हणेल, विश्वनाथांचे औदार्य थोर खरे, पण ते कोणाच्या पैशाने? विजय त्यांचा एकट्याचा नव्हता. स्वतःचे नुकसान सोसणे हा सद्गुण. दुसऱ्याचे नुकसान परस्पर सोसून मोकळे होणे हा सद्गुण कसा? हाच आक्षेप पालक अधिक कळकळीने घेतात: “माझे मी सोडून देईन, पण मुलाचे का सोडू?” हा आक्षेप हलका नाही. विश्वस्ताने आपल्या ताब्यातील ठेव उदारपणे वाटून टाकू नये, हे खरेच आहे. परंतु विश्वस्ताने प्रथम पाहावे ते हे की, ती ठेव आपल्या मालकाची होती काय. बाद न झालेल्या फलंदाजाचा बळी भारताच्या मालकीचा नव्हताच. विश्वनाथांनी दान केले नाही, चुकून आपल्या घरी आलेले टपाल शेजाऱ्याला दिले. आणि मुलाची जी ठेव बापाच्या हाती असते, ती एखादा गोल किंवा चषक नव्हे. आपले काय आणि दुसऱ्याचे काय हे ओळखण्याची त्याची कोवळी शक्ती, हीच ती ठेव होय. तिचा अपहार करून चषक आणणाऱ्या बापाने मुलाचे हित पाहिले, असे कसे म्हणावे?

पंचाच्या चुकीचा लाभ घेण्याची एकदा सवय झाली की, पुढची पायरी चूक स्वतःच घडवून आणण्याची असते. वयाचा खोटा दाखला ही ती पायरी. पूर्वी जन्माची नोंद नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही तारीख लिहीत आणि ती जन्मभर चिकटे. त्यात कोणाला फसविण्याचा हेतू नव्हता. बारा वर्षांखालील मुलांत चौदा वर्षांचा मुलगा उतरविणे ही गोष्ट निराळी. तेथे एका लहान मुलाची जागा हिरावून घेतलेली असते. जन्मतारखेतील चूक दुरुस्त करून घेण्यास केंद्र सरकारच्या नोकरास सेवेच्या पहिल्या पाच वर्षांचीच मुदत असते, आणि ती चूक प्रामाणिक होती हे सिद्ध करावे लागते. ज्यांच्या हातून असे कागद जातात, त्यांनी तरी दाखल्याचे पावित्र्य घरी विसरू नये. २००९ पासून सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात मनगटाचे चित्र घेऊन वय पडताळले जाते. बापाच्या सहीवर विश्वास उरला नाही, म्हणून मुलाच्या हाडाची साक्ष काढावी लागते! डिसेंबर २०१५ मधील पतौडी स्मृतिव्याख्यानात राहुल द्रविड यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले: आईबाप आणि प्रशिक्षकच खोटा दाखला करताना जो मुलगा पाहतो, तो पुढे काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता.

द्रविड यांचे नाव निघाले म्हणून प्रशिक्षकांविषयीही थोडे लिहितो. इंदूरच्या मराठी घरात जन्मून बंगळुरात वाढलेले हे खेळाडू २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक होते. मंडळाने त्यांना पन्नास लाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रत्येकी वीस लाख रुपये जाहीर केले. हा भेद त्यांना मान्य झाला नाही. अखेर सर्वांना सारखे, पंचवीस लाख, देण्यात आले. आपल्या बाजूने झुकलेला निर्णय त्यांनी स्वतः सरळ करून घेतला आणि त्यापायी निम्मी रक्कम सोडली. अशा गुरूला मुलांपुढे प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यावे लागत नाही. पण प्रशिक्षकाकडून हे मागण्यापूर्वी आपण त्याला फी कशासाठी देतो, याचा पालकांनी विचार करावा. प्रत्येक रविवारी विजयच मागितला, तर एखादा प्रशिक्षक मुलांना धक्का न लागताच पडून पेनल्टी मिळविण्याची विद्याही शिकवील. ती आपणच विकत घेतलेली असेल.

बसवनगुडीत गोखल्यांच्या नावाची एक संस्था आहे. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापिली. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान असावे, हा गोपाळ कृष्णांचा आग्रह एका कन्नड विचारवंताला इतका आपला वाटला, याचा येथील मराठी माणसास अभिमान वाटणे साहजिक आहे. बाळ गोखल्यांची एक गोष्ट आपल्या घरोघरी सांगितली जाते: सर्व गणिते बरोबर आली म्हणून गुरुजी शाबासकी देऊ लागले, तेव्हा त्यातले एक दुसऱ्याच्या मदतीने सोडविले, असे सांगून तो मुलगा रडू लागला. ही गोष्ट आपण मुलांना रात्री सांगतो. रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला बसून तीच पुन्हा सांगण्याची मात्र गरज नाही. तेथे स्वस्थ बसावे आणि मुलाने हात करून चेंडू समोरच्यांचा म्हटले, तर टाळी वाजवावी.